बाळंतिणीची बरणी

जावईबापूंचं घर हललं की प्रयोगशाळेच्या प्राणिघरातल्या सगळ्यांनी बाजूला व्हायचं, असा मामाचा दंडक होता. सगळे म्हणजे दोघंच, मामा आणि ताई. मामा काचेची बरणी छातीशी कवटाळून पुढे, ताई दारं उघडत मागे.

"व्हा बाजूला! जावईबापूंचं बिऱ्हाड सासरी चाललंय!"

"हळू हो मामा. पडली तर बरणीचे नाही, माझ्या नोकरीचे तुकडे होतील."

"नोकरी राहिलीये कुठं, ताई? तिमाही संपली की प्राणिघराला कुलूप."

मामा हे हसत बोलला. मामाचं हे असंच. प्राणिघरातल्या एकूण एक पिंजऱ्याला तो मामा. दाणापाणी करणार, गोंजारणार, शिव्याही देणार, आणि माणसांना तोंडावर खरं ते सांगून मोकळा होणार.

जावईबापू म्हणजे ओपोसम. मुठीत मावेल एवढा करडा जीव, तोंड चिचुंद्रीचं, शेपूट उघडीबोडकी. जात पिशवीवाल्यांची, थेट कांगारूच्या भावकीतली. पण या धाकट्या पातीतल्या माद्यांना पिशवीच नसते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पिल्लं जन्मतात ती तांदळाच्या दाण्याएवढी, अर्धीकच्ची, आणि आईच्या पोटाला उघड्यावर लटकून वाढतात.

यांच्या मादीची आणखी एक गंमत. एकटी असली की बाई कायमची संन्याशीण. नराचा वास नाकात गेला तरच तिच्या अंगात वारं भरतं. म्हणून नराला आधी नुसतं भेटायलाही पाठवायचं नाही, नाहीतर दोघं एकमेकांचे कान तोडतात. पहिल्यांदा त्याची राहती बरणी तिच्या पिंजऱ्यात ठेवायची. नर त्या बरणीला छाती घासघासून आपला वास चोपडून ठेवतो. मादी आत शिरते, हुंगते, आठवडाभरात विरघळते. मग लग्न.

गेले दोन महिने ताई आणि मामा जावईबापूंची बरणी महाराणीच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवत होते. महाराणी ही उरलेली शेवटची तरणी मादी. ती बरणीत शिरायची, एक चक्कर मारायची, आणि भाडं न परवडलेल्या भाडेकरूसारखी बाहेर यायची. विरघळणं राहिलं बाजूला, बाई ओलीही होत नव्हती.

आणि ताईला त्या महाराणीची पिल्लं हवी होती. जीव टांगून हवी होती.

ताईचं अर्धं आयुष्य एका प्रश्नापायी गेलं होतं. घरी नवऱ्याला तिने तो असा समजावला होता: हार्मोन म्हणजे दवंडीवाला. रक्तातून गावभर ओरडत फिरतो. पण मेंदूतल्या पेशीला ती दवंडी ऐकू यायची तर पेशीला कान पाहिजे. त्या कानाला रिसेप्टर म्हणतात. मोठ्या ओपोसमच्या मेंदूत हे कान ठरावीक वस्त्यांमध्ये दाटीवाटीने असतात. जन्मलेल्या पिल्लाच्या मेंदूत मात्र शोधून सापडत नाहीत. दवंडीवाला बोंबलतोय आणि गाव ठार बहिरं. मग कान फुटतात कधी? आपल्या पोरांचं हे सगळं आईच्या पोटात, अंधारात उरकतं. यांचं बाहेर, डोळ्यांदेखत. म्हणून तर ओपोसम.

"मग बघ आणि सांग," नवरा म्हणाला होता. नवरा गाडी शिकवायचा, त्याला प्रश्न रस्त्यासारखे सरळ आवडायचे.

बघितलं असतं तर प्रश्नच नव्हता. ताईकडे नुकत्या जन्मलेल्यांच्या मेंदूचे काप होते, त्यात काही नाही. पंधरवड्याच्या पिल्लांचे होते, त्यात कान आलेले. मोठ्यांचे तर ढिगाने. मधलं वय तेवढं नव्हतं. दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी असलेली पिल्लं तीनदा हाताशी आली आणि तिन्ही वेळा आईनेच खाल्ली. ओपोसमची आई बिथरली की आधी आपली पोरं खाते. मधला तो घास मिळाला नाही तर वीस वर्षांचं काम म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेली, मधली पानं फाटलेली गोष्ट. ती कोण छापणार आणि कोण वाचणार?

"ताई, दार धरा पटकन. बोटं भाजतायत."

"भाजतायत? कशाने?"

"कशाने म्हणजे? आत्ता वाफेतून काढलीये बरणी."

ताई होती तिथे खिळली. मामाच्या हातातल्या बरणीला तिने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. बसलाच होता.

"मामा, तुम्ही बरणी धुता?"

"मी कशाला? मशीन धुतं. मी बटण दाबतो."

"कधीपासून?"

"तुम्ही पाटी लावलीत तेव्हापासून." मामाने हनुवटीने भिंत दाखवली.

भिंतीवर पाटी होती. 'एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी धुतली जाईल.' खाली सही ताईची. तपासणीला आलेल्या माणसाने नाकाला रुमाल लावला म्हणून घाबरून तिने ती लावली होती. पिंजरे, भांडी, झाडू डोक्यात धरून. बरणी तिच्या डोक्यातच आली नव्हती. मामाला वाटलं होतं, ताईंनी लिहिलंय म्हणजे वास काचेत मुरत असेल, धुतला तरी राहत असेल. शिकलेल्या माणसांना काय काय दिसतं, आपण कोण बोलणार?

ताई भिंतीला टेकून खालीच बसली.

"दोन महिने आपण तिला काय हुंगवलं, मामा?"

"साबण."

"आणि मी रोज म्हणत होते, बाई विरघळत का नाही."

"विरघळलीही असेल हो ताई. पण साबणाला पोरं होत नाहीत."

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मामा बरणी हातात धरून तसाच उभा, खाली ठेवावी की नेऊन द्यावी हेही त्याला कळेना.

हिशेब सोपा होता आणि वाईट होता. आठवडा वासाला. पंधरवडा पोटात. मग दुसऱ्या आठवड्याच्या तोंडापर्यंत आईच्या पोटाला. ताईने बोटं मोडून पाहिली. बोटं उरली, दिवस संपले.

त्याच दुपारी तिने पाटी उपटून काढली. जावईबापूंच्या पिंजऱ्यातली बरणी, आतल्या कळकट कागदासकट, हातमोजे न घालता उचलली आणि महाराणीच्या पुढ्यात ठेवली. वास असा की मामानेही तोंड फिरवलं. महाराणी आत शिरली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

"लागला," मामा कुजबुजला. "जावई पसंत पडला."

पुढचं सगळं ताईने श्वास रोखून काढलं. लग्नाच्या वेळी मामा जाड चामड्याचे मोजे घालून पिंजऱ्यापाशी उभा, भांडण झालं तर सोडवायला. भांडण झालं. महाराणीने जावईबापूंच्या कानाचा कोपरा काढला. जावईबापू म्हातारे, पण रग होती. पंधरवड्याने महाराणीच्या पोटावर, उघड्या त्वचेवर, गुलाबी दाणे दिसले. पाच.

"पाचच?" ताई म्हणाली. एरवी दहा-बारा होतात.

"म्हाताऱ्याच्या मानाने पाच म्हणजे बोनस," मामा म्हणाला.

तिमाहीचा शेवटचा आठवडा उजाडला होता. ताई संस्थेच्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, तीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं.

"ताई, बसा. चहा घ्या. नाही म्हणायला मलाही जड जातंय."

"अजून मी काही मागितलंच नाही, साहेब."

"तुमचा चेहरा मागतोय ना. सोमवारी भिंत पाडायला माणसं येतायत. त्याआधी प्राणिघर रिकामं हवं."

"एक आठवडा द्या. पाच पिल्लं आहेत. एक आठवडा."

"मग आत्ताच घ्या की त्यांचे मेंदू. कोण अडवतंय?"

"आत्ता त्यांना कान नाहीत, साहेब. मेंदूतले. तेच तर कधी येतात ते..."

"कान नाहीत तर बरंच झालं," साहेब म्हणाले. "बातमी ऐकून दुखावणार तरी नाहीत."

स्वतःच्या विनोदावर ते जरा हसले, मग ताईचं तोंड बघून थांबले. "ताई, सोमवार म्हणजे सोमवार."

ताई जिना उतरून खाली आली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात चोरी आली होती, आणि ती आली तशी घर करून बसली होती.

"मामा," ती म्हणाली, "महाराणी वारली तर?"

मामाने तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "बाळंतपणातच गेली बिचारी. मी साहेबांना कळवतो."

शुक्रवारी संध्याकाळी फाटकापाशी ताईच्या नवऱ्याची गाडी आली. डोक्यावर 'शिकाऊ' लिहिलेला लाल डबा, आत पायाशी दोन-दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा. ताई कापडी पिशवी पोटाशी धरून बाहेर आली. पिशवीत बरणी, बरणीत महाराणी, महाराणीच्या पोटाला पाच जीव. जन्मभर पिशवीवाली म्हणवलेल्या बाईला अखेर पिशवी मिळाली होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने नाक उडवलं. "ताई, जेवणाचा डबा धुतला नाही वाटतं बरेच दिवस?"

"धुतला की सगळं बिघडतं हो," ताई म्हणाली आणि गाडीत बसली. खोटंही नव्हतं ते.

"काय आहे त्यात?" नवऱ्याने विचारलं.

"आधी गाडी काढ."

"उंदीर?"

"उंदीर नाही. काढ ना गाडी!"

"अगं, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे. सांगितल्याशिवाय हलणार नाही." तरी हललाच तो. पहिल्या वळणावर तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या वळणावर तो म्हणाला, "आईला काय सांगायचं?" तिसऱ्या वळणावर तिने पिशवी पोटाशी आणखी घट्ट धरली.

सासूबाई ही खरी अडचण होती. अख्खी हयात त्यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. तान्ह्यांच्या रडण्यानेच कान गेले असं त्या सांगायच्या. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, ते ड्रॉवरमध्ये झोपलेलं. "त्यात माझं मलाच चावणं ऐकू येतं," म्हणायच्या. परिणामी घर म्हणजे बाजार. मीठ मागायचं तरी ओरडून, टीव्ही तर खालच्या मजल्याला फुकट ऐकू जायचा. आणि ओपोसमच्या आईला आवाज म्हणजे संकट. संकट म्हणजे पोरं पोटात, ज्या दाराने आली नव्हती त्या दाराने.

बरणी सामानाच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. जवळ गरम पाण्याची पिशवी. कागद तोच, काच तीच, एक कणही धुवायचा नाही. ताई दाराशी पाठ लावून बसली.

"घरात मेलेला उंदीर आहे!" सासूबाई बाहेरून गरजल्या. "लोक उंदीर मारायला औषध आणतात, आणि आपल्या घरात..."

"आई, हळू!" ताईने हात जोडले.

"काय?"

"हळू बोला!"

"हळदीचं काय?"

आणि मग कोणी काही करायच्या आत सासूबाईंनी टीव्ही लावला. रोजच्यासारखा. कपाटाच्या फळ्या थरथरल्या. ताई धावत गेली, वायरच उपटली, धावत परत आली. बरणीत महाराणी कागदाखाली उलटसुलट फिरत होती. ताईने बघायचं नव्हतं. बघितलं की आणखी बिथरते. तरी बघितलं. पोटावर चारच दाणे.

ती बाहेर आली. सासूबाई सोफ्यावर, हातात रिमोट. त्यांना कळेना झालं काय. ताईने कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आत बाळंतीण आहे. आवाजाने घाबरली. एक पोर खाल्लं.'

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. ओरडल्या नाहीत. उठून आत गेल्या, ताईला वाटलं रुसून गेल्या. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा कानामागे मशीन, आणि तोंड आंबट.

"आता बोला," त्या कुजबुजत म्हणाल्या. "हळू बोला. सगळं ऐकू येतंय. तुमच्या फ्रिजचा दमासुद्धा ऐकू येतोय."

"आई..."

"घरात बाळंतीण असताना ओरडतात होय? सांगायला काय झालं होतं?" मग आणखी हळू: "किती उरली?"

"चार."

"चार जगतील. मी बघते."

त्या दिवसापासून घराची सूत्रं सासूबाईंच्या हातात गेली. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. नवऱ्याने चप्पल घराबाहेर काढायची, पाय आपटायचे नाहीत, शिंक आली तर उशीत तोंड. खालच्या मजल्यावरचा एकजण भिंतीत खिळा ठोकत होता, त्याला सासूबाई स्वतः जाऊन सांगून आल्या, "बाळंतीण झोपलीये." त्याने पेढे कधी असं विचारलं नाही हे नशीब. सामानाच्या खोलीच्या दारापाशी खुर्ची टाकून त्या बसायच्या. आत डोकावायच्या नाहीत, ताईलाही डोकावू द्यायच्या नाहीत.

"सारखं काय बघायचं? वॉर्डातही नातेवाईक असेच जीव घ्यायचे. आईला एकटीला राहू दे. तिला माहितीये."

"आई, मला वय चुकवायचं नाहीये..."

"वाढतायत ना ती? मग?"

इथे ताईने बोलायला हवं होतं. पिल्लं जगवायला आणलेली नाहीत, ठरल्या वेळी मारायला आणली आहेत, हे तिने त्याच खुर्चीपाशी सांगायला हवं होतं. पण सासूबाईंच्या मांडीवर मऊ कागदाच्या पट्ट्यांचा ढीग होता. ताईने एकदा सांगितलं होतं की ही बाई शेपटीत कागद गुंडाळून घरट्याला नेते, तर म्हातारी कात्री घेऊन जुन्या कागदांच्या पट्ट्या कापत बसली होती, सारख्या मापाच्या.

नवऱ्याने स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता विचारलं, "सांगणार आहेस ना?"

"सांगते."

"कधी?"

"झाल्यावर."

"झाल्यावर सांगितलं तर सांगणं नसतं ते," तो म्हणाला. ब्रेक त्याच्याही पायाखाली होता. त्याने दाबला नाही.

त्या आठवड्यात ताई जेवली नाही म्हटलं तरी चालेल. झोपेत तिला बरणीतलं खुडबुडणं ऐकू यायचं. जागेपणी साहेबांचा फोन येईल असं वाटायचं. मामाचा फोन आला तो भलताच: सोमवारी माणसं आली, पिंजरे गेले. जावईबापूही. मामाने एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. विनोद केला नाही.

ठरलेला दिवस आला. दुपारी सासूबाई खुर्चीतच डुलकी घेत होत्या. ताईने चपला हातात घेतल्या, बरणी पिशवीत घातली. दाराशी पोचली तोच मागून आवाज आला.

"कुठे?"

"तपासायला नेते, आई. वाढ बरोबर आहे का बघायला."

"झाकून ने. वारा लागेल."

सासूबाईंनी उठून आपली शाल पिशवीवर टाकली.

प्रयोगशाळेत ताईचं टेबल अजून होतं. प्राणिघराच्या जागी विटांचा ढीग आणि धूळ. मामा दारातच उभा होता, हातात भुलीचं औषध. रॅकवर एक स्वच्छ बरणी पालथी घातलेली होती. कोणाची ते ताईने विचारलं नाही.

महाराणीला गुंगी आली आणि चारही पिल्लं एकेक करून सुटली. डोळे बंद, कानांच्या जागी नुसत्या गुलाबी घड्या. वजन म्हणून तळहाताला काही लागलं नाही. ताईचे हात थरथरत नव्हते. तिला वाटलं होतं थरथरतील. वीस वर्षांची सवय होती, हातांना घरातलं काही माहीत नव्हतं.

"सगळी?" मामाने विचारलं.

"सगळी."

पुढचे दोन दिवस ती घरी गेली ते फक्त झोपायला. "दवाखान्यात ठेवलंय दोन दिवस," एवढं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. घाई नको." महाराणी मामाच्या स्टोअरमध्ये, कागदात तोंड खुपसून.

काप काढले, रंगवले. जिथे कान असेल तिथे तपकिरी ठिपका उमटेल असं औषध. सोबत तसाच एक काप, पण त्यात कान शोधणारं औषधच घातलेलं नाही. कारण एकदा तिची फसगत झाली होती: इवल्या मेंदूत अडकलेलं रक्तसुद्धा तपकिरी दिसतं आणि कानासारखं भासतं. कोऱ्या कापावर तपकिरी आलं तर सगळं खोटं.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी कोरा काप. काही नाही.

मग दुसरा. मेंदूच्या तळाशी, मधोमध, जिथे भूक, तहान आणि माया यांचा कारभार चालतो त्या वस्तीत तिने काच सरकवली. काही नाही. आणखी जराशी. एक ठिपका. दोन. मग एक पुंजका, फिकट, नुकता उजाडल्यासारखा.

"मामा," ती म्हणाली. "मामा, बघा."

मामाने डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"हे? एवढंसं? माशी बसून गेल्यासारखं?"

"तेच. नुकतेच फुटलेत. आत्ताच ऐकू यायला लागलं होतं त्यांना."

मामाने डोळा काढला. ताईला हवं होतं ते सगळं त्या काचेवर होतं, आणि तिला ते कोणाला तरी सांगायचं होतं, ओरडून, खालच्या मजल्याला ऐकू जाईल इतकं ओरडून.

ती घरी आली तेव्हा दिवस मावळायचा होता. पिशवीत बरणी, बरणीत महाराणी. सासूबाई दारापाशीच होत्या. सामानाच्या खोलीत कप्पा आवरलेला, गरम पाण्याची पिशवी भरलेली, कागदाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या.

"आलात? दे इकडे." त्यांनी पिशवी घेतली. शाल बाजूला केली, बरणी उजेडाकडे धरली. अख्ख्या हयातीत इतक्या बायका बघितलेला तो डोळा. एका नजरेत त्यांनी पोट पाहिलं.

"पिल्लं कुठं आहेत?"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, ऐका," ताई म्हणाली. "आई, दिसलं. वीस वर्षं शोधत होते ते दिसलं. मेंदूत कान असतो ना, तो कधी येतो ते कुणालाच धड दिसलं नव्हतं, आणि आज... चौघांमध्येही होता, आई. अगदी नुकता. तुम्ही नसतात तर एकही राहिलं नसतं, तुम्हीच..."

"पिल्लं कुठं आहेत?"

"त्यासाठीच आणली होती," ताई म्हणाली. "मी सांगणार होते."

सासूबाईंनी बरणी कप्प्यात ठेवली, हळू, काच फळीला न लागेल अशी. मग त्यांनी हात कानामागे नेला, मशीन काढलं, वायर गुंडाळली.

"आई, माझं ऐका ना," ताई ओरडली. "आई!"

सासूबाई आत गेल्या. ड्रॉवर उघडला, बंद झाला. मग बाहेर टीव्ही लागला, पूर्वीसारखा, खालच्या मजल्याला ऐकू जाईल इतका मोठा.

ताई सामानाच्या खोलीत बसून राहिली. कपाटाच्या फळ्या थरथरत होत्या. महाराणी बरणीतून बाहेर आली, एक पट्टी तोंडाने उचलली, पायांखालून मागे सारली, शेपटीच्या वेटोळ्यात घट्ट धरली आणि बरणीत घेऊन गेली. मग पुन्हा बाहेर आली, दुसरी न्यायला.